पंखांची किंमत: आराकोक्रा, केंकू आणि आउलिन

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर फाशांनी खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीत पक्षीमानव खेळायचा म्हटलं की तीन नावं पुढे येतात. गरुडाच्या वळणाचा आराकोक्रा, कावळ्याच्या वळणाचा केंकू आणि घुबडाच्या वळणाचा आउलिन. पहिले दोन ‘मॉर्डेनकायनेन प्रेझेंट्स: मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स’ या २०२२ च्या पुस्तकात आहेत. २८८ पानं, छापील किंमत ४९.९५ डॉलर, तीसहून जास्त रेस (पात्राच्या जाती) आणि बाकी सगळे राक्षस. आउलिन त्यात नाही. तो डिसेंबर २०२१ च्या ‘स्ट्रिक्सहेवन’ या जादूच्या विद्यापीठावरच्या पुस्तकात आहे. केवळ आउलिनसाठी ते अख्खं पुस्तक घेऊ नका. विद्यापीठातलं कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग कथा) चालवणार असाल तर गोष्ट वेगळी.

निकाल आधीच सांगायचा तर यातला सर्वांत चांगला पक्षी तो, ज्याला उडता येत नाही, म्हणजे केंकू. पण चर्चा कायम उडणाऱ्याचीच होते, म्हणून आधी आराकोक्रा.

आराकोक्रा आणि केंकू दोघेही खेळात आले १९८१ च्या ‘फीन्ड फोलिओ’तून, राक्षस म्हणून. पाचव्या आवृत्तीत आराकोक्रा खेळाडूच्या हातात आला २०१५ साली, ‘एलिमेंटल इव्हिल’च्या फुकट पीडीएफमधून. चालण्याचा वेग २५ फूट, उडण्याचा ५०. मीडियम किंवा हेवी चिलखत घातलं की उडणं बंद. डेक्स्टेरिटी (चपळाई) +२, विस्डम (शहाणपण) +१, पंज्यांचा वार १डी४ (चार बाजूंचा एक फासा). पहिल्या लेव्हलपासून (पायरीपासून) ५० फूट उडणारं पात्र मिळाल्यावर डीएम (खेळ चालवणाऱ्या) लोकांनी कपाळाला हात लावला. ॲडव्हेंचरर्स लीग या अधिकृत सार्वजनिक खेळात तर या रेसला सरळ मज्जाव होता.

२०२२ च्या पुस्तकात उडण्याचा वेग चालण्याइतकाच ठेवला आहे, म्हणजे ३० फूट. चिलखताची अट तीच. पंजे १डी६ झाले. तिसऱ्या लेव्हलला ‘गस्ट ऑफ विंड’ हा वाऱ्याचा स्पेल (मंत्र) लाँग रेस्टमागे (रात्रीच्या विश्रांतीमागे) एकदा फुकट मिळतो, आणि दुसऱ्या लेव्हलचे किंवा वरचे स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी शक्ती) असतील तर त्यांतूनही टाकता येतो. +२ आणि +१ (किंवा तीन ठिकाणी +१) कुठे लावायचे ते आता तुमच्या हातात.

५० चे ३० झाले म्हणून नाराज होणाऱ्यांनी एकदा आकडेमोड करून पाहावी. समोर गॉब्लिन (बुटके राक्षस) आहेत, त्यांच्याकडे शॉर्टबो. पल्ला ८० फूट, त्यापुढे ३२० पर्यंत डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). तुमच्याकडे लाँगबो, पल्ला १५०. म्हणजे ९० फूट वर गेलात की तुमचा नेम सरळ आणि त्यांचा वाकडा. जुना आराकोक्रा बाण मारत मारत दुसऱ्या टर्नला (पाळीला) तिथे पोचायचा. नव्याला तीन टर्न लागतात आणि पहिल्या दोन टर्नमध्ये तो ३० आणि ६० फुटांवर, म्हणजे गॉब्लिनच्या साध्या पल्ल्यातच असतो. तीन-चार राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) संपणाऱ्या लढाईत ही फार मोठी तफावत आहे. शिवाय जुन्याच्या मागे जमिनीवरून धावणं जवळपास व्यर्थ होतं. नव्याच्या खाली ४० फूट वेगाचा लांडगा आरामात येऊन उभा राहतो आणि वाट पाहतो. प्रवासातही फरक पडतो. ५० फूट वेग म्हणजे ताशी ५ मैल, आठ तासांत ४० मैल. ३० फूट म्हणजे ताशी ३, दिवसाला २४. पायी चालणाऱ्या मंडळींइतकंच अंतर, फक्त दलदल आणि दऱ्या आडव्या येत नाहीत. मूळ रेस गरजेपेक्षा जास्तच ताकदवान होती. ही दुरुस्ती योग्य आहे.

चूक दुसरीकडे आहे. पुस्तक उडायला देतं आणि पडण्याबद्दल गप्प बसतं. पडण्याचे नियम प्लेयर्स हँडबुकमध्ये विखुरलेले, त्यांची सवलत तिसऱ्याच पुस्तकात. आराकोक्रा घेऊन बसणाऱ्या खेळाडूने हे चार नियम एका कागदावर लिहूनच टेबलाशी यावं.

उडणारा प्राणी प्रोन झाला (आडवा पडला), त्याचा वेग ० झाला किंवा त्याला हलताच येईनासं झालं की तो पडतो. हवेत तरंगत राहण्याची वेगळी क्षमता (हॉव्हर) असेल तर वाचतो. ती आराकोक्राला नाही. मात्र हवेत एका जागी थांबून राहायला हॉव्हर लागत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. पंख हलवत तो जागेवर राहू शकतो, दर टर्नला पुढे सरकायची सक्ती नाही. वेग ० करणाऱ्या गोष्टी मात्र खूप आहेत: ग्रॅपल (शत्रूने धरून ठेवणं), जाळं, ‘वेब’ आणि ‘होल्ड पर्सन’ हे स्पेल. जटायूला खाली आणायला रावणाला पंख छाटावे लागले. इथे पहिल्या लेव्हलचा ‘स्लीप’ पुरतो.

पडल्यावर दर १० फुटांना १डी६, जास्तीत जास्त २०डी६. आता वरचेच ९० फूट घ्या. पहिल्या लेव्हलचा रेंजर (रानावनातला तिरंदाज), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १२, हिट पॉइंट (जीव मोजणारे गुण) ११. ९डी६ ची सरासरी ३१. अकरा गेल्यावर उरतात २०, आणि उरलेलं डॅमेज तुमच्या कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर डेथ सेव्हची (जगण्यासाठी टाकायच्या फाशांची) वेळच येत नाही, पात्र जागीच जातं. ‘झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’ (२०१७) मध्ये एक ऐच्छिक नियम आहे: शुद्धीवर असलेला आणि वेग ० न झालेला उडता प्राणी प्रोन होऊन पडला तर पडण्याच्या अंतरातून त्याचा उडण्याचा वेग वजा करायचा. ९० मधून ३० गेले, ६डी६, सरासरी २१. अकरा वजा जाता उरतात १०, म्हणजे बेशुद्ध पण जिवंत. एका नियमावर पात्राचा जीव अवलंबून आहे, म्हणून हा नियम टेबलावर लागू आहे की नाही हे पहिल्या सेशनच्या आधी विचारा. बाण लागून हिट पॉइंट ० झाले असतील तर मात्र ही सवलत नाही, कारण तुम्ही शुद्धीवर नाही. हवेत बेशुद्ध पडलेला ९० फुटांवरचा रेंजर सरासरी डॅमेजला मेलेलाच धरा.

साथीदारही तिथवर पोचत नाहीत. जखम भरणाऱ्या ‘क्युअर वूंड्स’ला स्पर्श लागतो. ‘हीलिंग वर्ड’चा पल्ला ६० फूट. पडणं हळू करणाऱ्या ‘फेदर फॉल’चाही ६०. म्हणजे खालच्या जादूगाराला तुमचा जीव वाचवायचा असेल तर तुम्ही त्याच्यापासून ६० फुटांच्या आत असायला हवं. व्यवहारी मर्यादा इथेच ठरते: कमी लेव्हलला ६० फुटांच्या वर जाऊ नये. त्या उंचीवर गॉब्लिनचे बाण लागतात हे खरं, पण तोच तर या क्षमतेचा मोबदला. तो चुकता केला की रेस कुणाला डोईजड वाटत नाही आणि डीएमला बंदीही घालावी लागत नाही.

छत हा दुसरा प्रश्न. १० फूट उंचीच्या भुयारात उडण्याचा उपयोग शून्य. खालचा शिपाई जमिनीपासून ५ फुटांचा चौकोन व्यापतो, तुम्ही त्याच्या वरच्या चौकोनात. तो तुम्हाला लागूनच आहे, तलवार पोचते. तलवारीच्या बाहेर जायला मध्ये एक चौकोन रिकामा हवा, म्हणजे छत किमान १५ फूट. समोरच्याकडे ग्लेव्ह किंवा हॅल्बर्ड (लांब दांड्याचं हत्यार) असेल तर २०. विकतच्या ॲडव्हेंचरमध्ये खोलीच्या वर्णनात छताची उंची बहुतेकदा दिलेली असते, पण डीएम वाचून दाखवताना ती गाळतात. विचारून घ्या.

याहून मोठी अडचण म्हणजे आराकोक्राला डार्कव्हिजन (अंधारात पाहण्याची शक्ती) नाही. अंधाऱ्या गुहेत टॉर्च धरला (२० फूट पूर्ण उजेड, पुढे २० फूट अंधूक) तर एक हात गेला, आणि लाँगबोला दोन्ही हात लागतात. हेल्मेटवर ‘लाइट’ स्पेल टाकून घेणं हा नेहमीचा तोडगा. पण अंधाऱ्या आभाळात दिवा बांधून उडणारा पक्षी म्हणजे खालच्या तिरंदाजांना आयतं लक्ष्य.

क्लास (पात्राचा पेशा) निवडताना लोक चिलखतापाशी चुकतात. क्लेरिक (पुजारी) घेतात, स्केल मेल (मीडियम चिलखत) घालतात आणि मग लक्षात येतं की पंख शोभेचे झाले. ड्रुइडचं हाइडसुद्धा मीडियम आहे. स्टडेड लेदरवर थांबायचं: एसी (वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) १२ अधिक डेक्स्टेरिटीचा बोनस, किंमत ४५ सोन्याची नाणी. ढाल चालते, तिच्यावर बंदी नाही. मंक (हातापायांनी लढणारा) उत्तम बसतो. डेक्स्टेरिटी १६, विस्डम १६ असेल तर चिलखताविना एसी १६. पंज्यांच्या १डी६ चं कौतुक मात्र फार करू नका. पाचव्या आवृत्तीच्या मूळ, म्हणजे २०१४ च्या नियमांत मंकचा फासा पहिल्या लेव्हलला १डी४ असतो, तेव्हा पंजे कामाचे. पाचव्या लेव्हलला तो स्वतःच १डी६ होतो. २०२४ च्या सुधारित नियमांत तो पहिल्यापासूनच १डी६ आहे. बाकी क्लासना पंजे स्ट्रेंग्थवर (ताकदीवर) चालतात, म्हणजे तिरंदाजाच्या हाती काही पडत नाही.

‘गस्ट ऑफ विंड’ कागदावर दिसतो त्याहून उपयोगी आहे: ६० फूट लांब, १० फूट रुंद पट्टा, स्ट्रेंग्थ सेव्ह (बचावाचा फासा) चुकला की १५ फूट मागे. कड्यावर, पुलावर, जहाजाच्या डेकवर हे सोनं आहे. तिसऱ्या लेव्हलला विस्डम १६ धरून डीसी (समोरच्याने फाशात गाठायचा आकडा) १३ येतो. मात्र तो कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता, एका वेळी एकाच स्पेलवर) मागतो, म्हणून रेंजरचा ‘हंटर्स मार्क’ हा स्पेल सोडावा लागतो. रेंजरपेक्षा मंकला हा स्पेल जास्त सोयीचा, त्याचं कॉन्सन्ट्रेशन बहुधा रिकामंच असतं.

आणखी दोन गैरसमज. एक, फ्लायबाय. खाली झेपावून वार करून वर गेलात तर ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावर शत्रूचा फुकटचा वार) होतोच. तो चुकवण्याची क्षमता विझर्डच्या पाळीव घुबडाला आहे, या तिघांपैकी कुणालाही नाही. दोन, झेप. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला आराकोक्रा ३० फूट सरळ खाली झेपावला तर १डी६ जादा डॅमेज करतो, आणि पाच जण मिळून तीन टर्न हवेत नाचले की हवेचा एलिमेंटल बोलावतात. हे खेळाडूच्या आराकोक्राला मिळत नाही. एनपीसी (डीएमच्या हातातलं पात्र) म्हणून वापरायला मात्र तो नाच फार देखणा आहे. शत्रूंनी पाचांपैकी एकाला तीन टर्नच्या आत पाडायचं, एवढ्यावर अख्खी लढाई उभी राहते.

मित्राला उचलून नेण्याचं काय? वाहून नेण्याची मर्यादा स्ट्रेंग्थच्या १५ पट पौंड. स्ट्रेंग्थ १० म्हणजे १५०. तुमचं स्वतःचं सामान मोजा: एक्सप्लोरर्स पॅक ५९, स्टडेड लेदर १३, धनुष्य आणि बाणांचा भाता धरून जवळपास ७६. उरले ७४. साधारण ४० पौंडांचा हाफलिंग (बुटक्या रेसचा साथीदार) लेदर आर्मरसकट (१०) जातो, त्याची थैली खाली ठेवावी लागते. माणूस जात नाही. डीएमने ग्रॅपलचा नियम लावला तर वेग निम्मा, टर्नला १५ फूट. नदी ओलांडायला ठीक, लढाईत नको.

टेबलावर उंची नोंदवायची सोपी सोय म्हणजे मिनिएचरशेजारी (पात्राच्या छोट्या मूर्तीशेजारी) फासा: एक ठिपका १० फूट. नाहीतर घरातल्या कॅरमच्या सोंगट्या मिनिएचरखाली एकावर एक ठेवा. तिरकं अंतर कसं मोजायचं हेही आधीच ठरवा. पक्षी ६० फूट वर आणि ८० फूट लांब असेल तर चौकोनांच्या सोप्या नियमाने अंतर ८०, शॉर्टबोच्या पल्ल्यात. शाळेतल्या पायथागोरसने १००, म्हणजे डिसॲडव्हान्टेज. दोन्ही चालतात. ऐन लढाईत यावरून वाद घालणं चालत नाही.

आता केंकू. २०१६ च्या ‘व्होलोज गाइड’मधला केंकू ही एक अफाट कल्पना होती. शाप लागलेला, पंख गमावलेला, स्वतःची वाचा नसलेला. ऐकलेले आवाज आणि वाक्यं जोडून बोलायचं, स्वतःचं नवं काही सुचत नाही. वाचायला हे भारी, खेळायला महाकठीण. खेळाडू दर वाक्यासाठी आधी कोण काय बोललं ते आठवत बसायचा, किंवा मग सरळ नियम विसरायचा. तिसऱ्या सेशनपर्यंत केंकू एकतर मुका व्हायचा किंवा विनोदी पोपट.

नव्या पुस्तकाने ते बंधन काढून टाकलं. केंकू आता हवं ते बोलतो आणि हवा तो आवाज काढतो. काहींना वाटतं केंकूचा आत्मा गेला. त्यात तथ्य आहे, पण मोबदल्यात जे मिळालं ते तिन्ही पक्ष्यांमध्ये सर्वांत भक्कम आहे. कोणतीही दोन स्किल (कौशल्यं) तुमच्या पसंतीची. शिवाय ज्या स्किलमध्ये प्रोफिशियन्सी (प्रावीण्य) आहे तिची चेक (कौशल्याचा फासा) टाकण्याआधी स्वतःला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा) देता येतो, प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा, लाँग रेस्टपर्यंत. म्हणजे पहिल्या चार लेव्हलना दिवसाला दोनदा, पाचव्यापासून तीनदा, सतराव्यापासून सहा. फासा टाकण्याआधी सांगायचं, नंतर नाही. एवढंच लक्षात ठेवावं लागतं. छत, उजेड, चिलखत, पडणं यांतलं काहीही आड येत नाही. रोग (Rogue, चोरटा क्लास) किंवा बार्ड (गवई) घ्या आणि क्लासच्या एक्स्पर्टीजला (खास नैपुण्याला) ही जोड द्या.

आवाजाची नक्कल पूर्वी डिसेप्शन (फसवणूक) विरुद्ध इनसाइट (खोटं ओळखणं) अशी लढत होती, आता ठरलेला डीसी आहे: ८ अधिक प्रोफिशियन्सी बोनस अधिक कॅरिझ्माचा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा) बोनस. पहिल्या लेव्हलला कॅरिझ्मा १६ असेल तर १३. साध्या पहारेकऱ्याचा विस्डम ११, इनसाइट +०, म्हणजे दहातले सहा पहारेकरी फसतात. त्याहून शहाण्यांसमोर, म्हणजे सरदार, पुजारी, जादूगारांसमोर, हे जपून वापरा. कॅरिझ्मा १० वाल्या रोगचा डीसी १० वरच अडकतो, म्हणून नक्कल हेच हत्यार करायचं असेल तर बार्डच. हस्ताक्षराची किंवा वस्तूची हुबेहूब नक्कल करताना ॲडव्हान्टेज असतो तो वेगळा. खोटा परवाना बनवणं हे केंकूचं खरं काम आहे आणि शहरातल्या कॅम्पेनमध्ये त्याला तोड नाही.

आउलिनबद्दल थोडक्यात. उडणं ३० फूट, चिलखताची अट तीच, वर १२० फूट डार्कव्हिजन आणि स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) फुकट. वारा बोलावता येत नाही, पंजे नाहीत. पण टॉर्चची कटकट संपते. ज्या कॅम्पेनमध्ये रात्र आणि भुयारं जास्त, तिथे आराकोक्रापेक्षा आउलिन घ्या. एरवी दोघांत फार फरक नाही.

पुस्तकावर खरी तक्रार आहे ती रसाची. २०१५ चा आराकोक्रा तिसऱ्या वर्षी वयात यायचा आणि फार तर तीस वर्षं जगायचा. विशीतला आराकोक्रा म्हणजे म्हातारा, ज्याच्या एल्फ मैत्रिणीला तो गेल्यावर पुढची सात शतकं काढायची आहेत. एका ओळीतून पात्र उभं राहत होतं. नव्या पुस्तकात बहुतेक रेसना मिळून साधारण शंभर वर्षांचं एकच आयुष्य आहे आणि प्रत्येकाची माहिती दोन-तीन परिच्छेदांत आटोपली आहे. आकडे नव्या पुस्तकातून घ्या आणि वय जुन्या पीडीएफमधून. कोणताही डीएम याला हरकत घेणार नाही, कारण वयाने फाशात काही बदलत नाही.

२०२४ च्या प्लेयर्स हँडबुकवर खेळणाऱ्यांनी रेसमधले +२/+१ सोडून द्यायचे, ते आता बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वायुष्यातून) येतात. बाकी सगळं जसंच्या तसं चालतं. एक जुनी अडचण मात्र तिथे सुटली आहे. केंकू आणि आउलिन मीडियम किंवा स्मॉल, जो आकार हवा तो घेता येतो. पूर्वी स्मॉल घेतला की लाँगबोवर डिसॲडव्हान्टेज यायचा, कारण ते नियमात ‘हेवी’ म्हणून नोंदलेलं हत्यार. नव्या नियमात हेवी धनुष्याला आकार नाही, डेक्स्टेरिटी १३ लागते, आणि तिरंदाज पक्ष्याकडे ती असतेच.